चौथा झेंडा

३ जानेवारी, शनिवार

तिन्ही टिप-अप गोठले. तिन्ही! सकाळी गिरमिटाने गोठलेल्या तळ्यावरच्या बर्फात तीन भोकं पाडता पाडता खांदा निखळायची पाळी आली, आणि दुपारी बघतो तर गळाला लावलेली मासळी गायब. झेंडे मात्र आडवे ते आडवेच.

हे टिप-अप पप्पांनी स्वतःच्या हातांनी केलेत, त्यांना काय बोल लावणार? भोकावर आडवी टाकायची लाकडी फुली, खाली पाण्यात रीळ, माशाने ओढलं की वर झेंडा उभा. आमच्या लहानपणापासून चाललेत. पण भोक उघडं राहतं ना! वरून बर्फ धरतो, दोरा त्यात अडकतो. मासा बिचारा ओढून ओढून कंटाळतो आणि जेवून जातो. खानावळ उघडलीय मी तळ्यावर. फुकटची.

आमची बायको, वर्ना, म्हणाली, "नवे घे की मग." म्हटलं, घेतो. तर म्हणते, "हार्लनला विचार. तुझ्या भावाला कळतं त्यातलं."

कळतं ना! दुसऱ्याचा झेंडा कसा ओढायचा, ते तर फारच छान कळतं.

ती ताटं उचलून आत गेली. कंटाळलीय ह्या विषयाला. मीपण.

४ जानेवारी, रविवार

चर्च सुटल्यावर बारमध्ये पत्ते कुटायला गेलो. भिंतीवर तो फोटो आहेच. आमचे थोरले बंधू दात काढून उभे, दोन्ही हातांत हा एवढा पाइक मासा, खाली पितळी पट्टी — हार्लन कोवाल्के.

तो मासा माझा. माझ्या टिप-अपला लागला होता. मी काठावर झाडामागे लघवीला गेलो, तेवढ्यात झेंडा वर गेला आणि ह्याने ओढला! ह्या तळ्यावर पोरांना बूट घालता यायच्या आधी हे शिकवतात — दुसऱ्याचा झेंडा वर गेलेला दिसला तर "झेंडा!" म्हणून बोंब मारायची. बास. हात लावायचा नाही. मालक येवो, न येवो. मासा जाईना का. पप्पांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी एकेक थोबाडीत देऊन शिकवलं होतं.

"अरे सुटला असता ना एमरी!" हे त्याचं म्हणणं. सुटू दे की! माझा मासा, माझ्या नावावर सुटू दे.

दोन हिवाळे झाले. त्याचं मासेमारीचं खोपट तळ्याच्या बर्फावर तिथंच, माझं इथंच. मध्ये दगड भिरकावला तर लागेल एवढं अंतर. बोलणं बंद.

आज फोटोकडे पाठ करून बसलो. तरी हरलो.

६ जानेवारी, मंगळवार

डेल्फीनच्या दुकानात गेलो. गळ-मासळीचं दुकान कसलं, चावडीच आहे ती. मला बघून म्हणते, "या! सुतकी चेहरा करून टिप-अप निवडू नये, मासे फिरकत नाहीत."

दिवा लुकलुकणारे हातात घेतले तर खसकन काढून घेतले. "ठेव खाली. पहिल्या कडक थंडीत बॅटरी राम म्हणते. ही खेळणी शिकागोवाल्यांना विकायला ठेवलीत." मग लाकडी बघितले, पप्पांच्यासारखेच, नुसतं पॉलिश जास्त. शेवटी तिने गोल काढले. जाड तबकडी, झाकणासारखी भोकावर बसते. भोक गोठत नाही, वारा लागत नाही, बर्फ आत उडत नाही. झेंड्याची पट्टी बोटाने वाकवून सोडायला लावली — चटकन उभी राहिली पाहिजे, विचार करत उठता कामा नये. दांडीच्या वरच्या खटक्याला दोन बाजू. गुळगुळीत बाजू हलक्या तोंडाच्या माशाला, खाचेची पाइकला. नाहीतर वाऱ्यानेच झेंडे उडत बसतात आणि आपण म्हातारे धावत.

"हार्लनने गेल्या आठवड्यात हेच नेले," म्हणाली. "चार."

"चार? माणशी तीनचा नियम आहे!"

"मग विचार जाऊन त्याला."

"मी?"

"नाही, पोपला पाठव."

मी म्हटलं, आधी दोन घेऊन बघतो. तर म्हणते, "दोनच घे. पुष्कळ झाले." आणि एकटीच हसली. दुकानदार बाई आणि कमी घे म्हणते! म्हातारपण, दुसरं काय.

घरी येऊन दोन्ही तबकड्यांच्या खाली नाव-पत्ता लिहिला. ते नसलं तर दंड. पप्पांचे तिन्ही गॅरेजच्या भिंतीवर टांगले. बरं नाही वाटलं.

१० जानेवारी, शनिवार

स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

काल नवे टिप-अप खोलून बघितले. दांडीच्या नळीत काहीतरी घट्ट, पिवळट भरलेलं. मला वाटलं, कारखान्याची घाण! स्वच्छ पुसून काढलं आणि गॅरेजमधलं चांगलं तेल ओतलं. चांगलं म्हणजे गवत कापायच्या यंत्राचं! आज शून्याखाली वीस. तेलाचा झाला गोंद. दांडी फिरेल कशाला? मासे दोन्ही मासळ्या खाऊन गेले, झेंडे ढिम्म.

जन्म गेला ह्या तळ्यावर आणि हे शहाणपण. असल्या वेळी पूर्वी हार्लन असायचा. तो खोलायचा, तो भरायचा, मी नुसता कॉफी ओतायचो.

तो खोपटाच्या दारात उभा राहून बघत होता. हसला असता तरी चाललं असतं. हसला नाही. त्याच्या खोपटाभोवती चार झेंडे. मोजले मी. तीन पलीकडे आणि चौथा अलीकडे, पार माझ्या बाजूला, जिथं माझा पाइक गेला तिथंच. बेशरम!

११ जानेवारी, रविवार

माझ्या खोपटाच्या दाराशी, उपड्या बादलीवर, थंडीत न गोठणाऱ्या ग्रीसचा डबा. निळा. चिठ्ठी नाही, काही नाही. हा निळा डबा अख्ख्या तळ्यावर एकच माणूस वापरतो.

उचलला, त्याच्या पायरीवर नेऊन ठेवला. आत तो खोकत होता. दार वाजवलं नाही.

वर्ना म्हणाली, "घेतला असतास तर नाक कापलं गेलं असतं?" मग काय, उद्या डेल्फीनकडे जाऊन तोच निळा डबा विकत घ्यायचा. सरळ काही करायचंच नाही, हा आमच्या घराण्याचा वसा.

१४ जानेवारी, बुधवार

चालले! दोन झेंडे, दोन पाइक. बारकेच, पण आपले. ग्रीस भरल्यावर दांडी लोण्यातून फिरावी तशी फिरते.

झेंडा वर गेला तेव्हा "झेंडा!" म्हणून ओरडलो. सवय. ऐकायला कोण होतं? आपणच ओरडायचं, आपणच धावायचं. घरी येऊन हरणाचं सॉसेज खाल्लं आणि खुर्चीतच झोपलो.

१७ जानेवारी, शनिवार

मासेमारी खात्याचा वॉर्डन आला. श्टेंगल. नियमाला कडक माणूस, सख्ख्या मेव्हण्याला दंड केलाय त्याने. थेट हार्लनकडे गेला. मी मनात म्हटलं, आता सापडला चोर! चारही झेंडे मोजले श्टेंगलने. माझ्या बाजूचा तो चौथा उचलून खालून बघितला. हार्लन काहीतरी बोलला. मग दोघे हसले! पावती नाही, काही नाही.

तिथून माझ्याकडे. "तुमचे किती लावलेत?"

"दोन."

"फक्त दोन?"

"मोजा की! डोळे आहेत ना?"

"मग ठीक आहे, एमरी. सगळं ठीक आहे." आणि खांद्यावर थोपटून गेला. दुखऱ्याच खांद्यावर. त्याला चार माफ आणि माझे दोन मोजतोय!

वर्नाला सांगितलं तर म्हणाली, "तू दमलायस रे. रागाने जास्त दमलायस."

२१ जानेवारी, बुधवार

वारा. गेलो नाही. खांदा शेकत पडलो.

२५ जानेवारी, रविवार

दवाखान्यातून आत्ता आलो. खांदा बांधलाय, अक्षर असलंच येणार.

शुक्रवारी रात्रभर बर्फाचं वादळ होतं. काल सकाळी ऊन, पण थंडी हाडं फोडणारी. मी पोचलो तेव्हा हार्लनची गाडी काठावर होती, खोपटाचं दार बंद, म्हणजे आत असणार. मी माझे दोन लावले. बसतोय न बसतोय तोच त्याचा झेंडा वर गेला. तो चौथा. माझ्या बाजूचा.

दोन वर्षांत त्याच्या दिशेने शब्द टाकला नव्हता. पण झेंडा म्हणजे झेंडा, ओरडावं लागतं. ओरडलो — "झेंडा!" दार उघडलं नाही. पुन्हा ओरडलो. नाही. म्हटलं, मी ओरडतोय म्हणून येत नाही. नको येऊ! माझं काम झालं.

खुर्चीत बसलो. थर्मासमधून कॉफी ओतली. झेंडा फडफडतोय. खोटं कशाला लिहू, बरं वाटत होतं मला. जाऊ दे त्याचाही एक. कळू दे. हात लावणार नव्हतो मी, मेलो तरी. दुसरा कप ओतला.

तो अर्धा झाला तेव्हा डोक्यात आलं — हार्लन झेंडा सोडत नाही. आयुष्यात नाही सोडला. एकदा आतल्या पायजम्यावर, एका पायात बूट घालून धावला होता. सगळं तळं हसलं होतं.

मग पळालो. झेंड्यावरून तसाच पुढे, दाराकडे. खोपटाचं हवेचं भोक रात्रीच्या बर्फाने लिंपून गेलेलं, आत गॅसची शेगडी चालू, विषारी हवा कोंडलेली. हे भोक मोकळं ठेव म्हणून जन्मभर मला शिव्या घालणारा माणूस! बाकावर आडवा, गाल लालबुंद, झोपल्यासारखा. हाक मारली, हलवला. काही नाही. काखेत हात घालून बाहेर ओढला. खांद्यात काहीतरी कट्‌कन झालं.

मदतीला ओरडायचं होतं. तोंडातून दुसरं काही निघेचना. "झेंडा! झेंडा!" तेच ओरडत राहिलो. आणि त्या हाकेला तळ्यावरची सगळी खोपटं उघडली, सगळे धावत आले. श्टेंगलच्या गाडीतून बर्फावरूनच काठापर्यंत नेला.

नळ्या लावल्यात. अजून डोळे उघडले नाहीत. डॉक्टरीण पोरगीच आहे, म्हणाली, "अगदी वेळेवर गेलात हो. थोडं आधी मिळाले असते तर आणखी बरं झालं असतं, पण वेळेवर." मग विचारलं, कसं कळलं तुम्हाला?

"झेंडा दिसला," म्हटलं. किती वेळ दिसत होता ते नाही सांगितलं. वर्नालापण नाही.

२६ जानेवारी, सोमवार

तसाच आहे. मी बाकावर. देवा, एवढा एक उठव. फोटो राहू दे भिंतीवर.

२८ जानेवारी, बुधवार

उठला!

डोळे उघडले, मला बघितलं, बराच वेळ बघितलं. मी म्हटलं, "काय रे गाढवा." त्याला बोलायला जड जातंय. पहिला शब्द काय? "पकडलास?"

"काय?"

"मासा रे. झेंडा झेंडा ओरडत होतास... कानावर येत होतं. उठवेना."

"मी तुझ्या झेंड्याला हात लावत नाही, हार्लन."

"माझा नव्हता तो," म्हणाला आणि डोळे मिटले.

रडलो मी. नर्स म्हणाली, गॅसने डोकं गोंधळतं, काही दिवस असंच असंबद्ध बोलतील, मनावर घेऊ नका. डावा हातही नीट उचलत नाहीये. तो येईल म्हणतात, हळूहळू.

परत येताना गाडी रस्त्याकडेला लावून जरा बसलो. फार दमलोय.

३० जानेवारी, शुक्रवार

हार्लनचं सामान आणायला तळ्यावर गेलो. चारही टिप-अप बर्फात चिकटलेले, कुऱ्हाडीने कडा फोडून काढले. पलीकडचे तीन पालथे केले — हार्लन कोवाल्के, त्याचा पत्ता.

मग चौथा. दोरा शेवटपर्यंत गेलेला, गळ सरळ झालेला. मोठा होता कोणीतरी. तबकडी पालथी केली. हार्लनच्याच गिचमिड अक्षरात — एमरी कोवाल्के. खाली आमच्या घराचा पत्ता. माझा तिसरा! डेल्फीनला माहीत होतं. श्टेंगलला माहीत होतं. माझा मासा मला परत द्यायला बसला होता तो, रोज.

माझाच झेंडा होता. आणि मी कॉफी पीत बसलो होतो.