यांच्यासाठी गादी

५ डिसेंबर १९८३, आंजी
हे आज घरी आले. वर्ध्याच्या दवाखान्यात सतरा दिवस काढले. ॲटॅक मोठा नव्हता म्हणाले, पण जपायचं. पलंग खिडकीजवळ घेतला, त्यावर जुनीच गादी. मधे हा एवढा खड्डा. हे बरोबर त्या खड्ड्यात बसले, म्हणाले, "आता आलो घरी." मला रडू आलं, स्वयंपाकघरात गेले.

८ डिसें.
प्रभाकर नागपूरहून आला. बसच्या टपावर बांधून फोमची गादी आणली पोरानं! "आई, त्या जुन्या गादीत किती धूळ असंल. बाबांच्या तब्येतीले ते चालत नाई." प्लास्टिक काढलं तसा घरभर वास. नव्या चपलांच्या दुकानात येतो तसला. यांनी बोटानं दाबून पाहिली. "पाव हाये का बे हा?" प्र. हसला. खूप दिवसांनी घरात कुणी हसलं.

१० डिसें.
दुपारी जेवून हे आडवे झाले. दहा मिनिटांत उठून बसले.
"दुखते का?"
"दुखत नाई. हवा पुरत नाई."
खिडकी उघडली. बसल्यावर बरं वाटलं. वासच असणार, दुसरं काय? गादी अंगणात उन्हात टाकली. प्र.ला कळवू का? इतक्या हौसेनं आणली त्यानं.

१३ डिसें.
अक्का आल्या हिंगणीहून. यांच्या थोरल्या बहीण, धाकट्या भावावर फार जीव. गादीला हात लावला नि चटका बसल्यासारखा मागं घेतला. "रबर हाये हे, माय. अंग तापते, रक्त घट्ट होते. काऊन निजवून राह्यली त्याले याच्यावर?"
खरं असेल का? मी चौथीला शास्त्र शिकवते. रबरातून वीज जात नाही एवढं पुस्तकात आहे. रक्ताचं काही नाही.

१४ डिसें.
फोम काढली, जुनी घातली. दुपारी पुन्हा तेच, उठून बसले. म्हणजे वास नव्हे? अक्का म्हणतात रबराची गरमी आठ दिवस अंगात राहते. मग आठ दिवस थांबायचं का?

१७ डिसें.
शाळेतले गुरुजी भेटून गेले. त्यांचं मत काथ्याच्या गादीचं. कडक हवी म्हणे, पाठ सरळ तर छाती मोकळी. तीन माणसं, तीन गाद्या. दवाखान्याचा कागद पुन्हा वाचला. मीठ, बिडी, जिने, ओझं, सगळं आहे. गादीबद्दल एक अक्षर नाही. आणि मी विचारलंही नाही. विचारायला हवं होतं.
शेवटी ठरवलं, कापसाचीच नवीन भरून घ्यायची. घरचा कापूस.

१९ डिसें.
गफूरभाई पिंजारी आले. अंगणात सकाळपासून रुई पिंजत होते. हे खुर्चीवर बसून बघत होते. हवेत सगळा कापूसच. यांना खोकला सुरू झाला. मी धावत गेले, "भाऊ, थांबवा!" गफूरभाईंनी थांबवलं. "भाभी, मी चाळीस साल हेच खाऊन राह्यलो," म्हणाले, हसले, नि मग स्वतःच कितीतरी वेळ खोकले. माझं डोकं चालेना. आता कापूसही नको का?
तेवढ्यात ते यांच्याकडे बघत म्हणाले, "भाऊचे पाय सुजले का? चपलीचा पट्टा पाहा किती रुतला."
मी खाली बसले. अंगठ्यानं यांचं पाऊल दाबलं. फोम दाबली की वर येते. हा खळगा तसाच राहिला.
दहा-बारा दिवस मी गाद्याच बघतेय. पाय बघितले नाहीत.

२० डिसें., वर्धा
डॉ.नी पहिलाच प्रश्न केला, "उशा किती घेता?"
मी म्हटलं, एक.
हे म्हणाले, "तीन." माझ्याकडे न बघता.
दिवा मालवला की मी खाली निजते, अक्का पलीकडे. मला काहीच माहीत नाही! नंतर विचारलं, सांगितलं काऊन नाई? "तू गादीच्या मांगं लागली होती. मले वाटलं, गादीनंच होऊन राह्यलं."
फुप्फुसात पाणी साचतं, म्हणून आडवं झालं की दम लागतो, असं डॉ. म्हणाले. तरी मी गादीचं विचारलंच. "कोणतीही घ्या बाई. डोकं उंच ठेवा, गोळ्या चुकवू नका. पण इतका उशीर का केला?"
यांना ठेवून घेतलं.
उशीर का केला.

२४ डिसें.
घरी आलो. नवीन गोळीनं लघवी खूप होते. पायांची सूज उतरली, नडग्या दिसायला लागल्या. कापसाची गादी तयार होती, तीच घातली, उशाला उंच. दुपारी दीड तास झोपले!
अक्का, "पाह्यलं? कापूस तो कापूस."
कापूस नव्हे, गोळीच. गोळीच असणार. पण माळ्यावरची फोम आता कुणी खाली आणली तर मी 'घाला' म्हणेन का? नाही म्हणणार. का ते सांगता येत नाही.

२८ डिसें.
प्र. आला. "डॉक्टर कोणतीही म्हणाले ना? मग माझी काऊन माळ्यावर टाकली?" अक्का उसळल्या. दोघांचं चांगलंच वाजलं. मी मधे उभी, दोघांचंही पटत होतं.
हे म्हणाले, "मले विचाराल का कोणी?"
अक्का नि प्र. दोघंही यांच्याकडे वळले.
"मले गादीचं भेव नाई. निजाचं भेव हाये. मांगं ॲटॅक आला तवा निजलोच होतो ना मी?"
प्र. बाहेर निघून गेला. अक्कांनी पदर तोंडाला लावला. मी भाताला पाणी टाकलं, मीठ टाकायचं नाही हे विसरून टाकलं, सगळा भात पुन्हा केला.

३० डिसें.
प्र. गेला. जायच्या आधी त्यानंच माळ्यावरून फोम काढून खाली घातली नि कापसाची वर. अक्कांनी वर चादर घातली. त्याही आज हिंगणीला गेल्या.

१ जाने. १९८४
घरी दोघंच. जेवल्यावर हे म्हणाले, "तू बसजो इथंच." बसले. यांनी डोळे मिटलेत. झोपलेत की नुसते पडून आहेत, कळत नाही. छाती वर-खाली होते तेवढी बघतेय. मधेच वाटतं, थांबली.
रजा संपली, उद्या शाळा. दुपारी कोण बसणार? रजेचा अर्ज मांडीवर घेतलाय. नाव लिहिलं, हुद्दा लिहिला. किती दिवस, ते लिहायचं राहिलंय.