विधवा भगिनीचं लग्न

ता. ७ फेब्रुवारी

ती. दादास,
सप्रेम सलाम, वि. वि.

आधी नीट बस, चष्मा लाव आणि वहिनीलाही हाक मार, म्हणजे मला दोनदा लिहायला नको. मी लग्न करतेय. हसू नकोस आणि घाबरूही नकोस. वय अठ्ठावन्न आहे हे मला ठाऊक आहे, आरसा माझ्याकडेही आहे.

गृहस्थ आगीच्या बंबावर ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. सगळी गल्ली त्यांना बंबवाले म्हणते, मीही तेच म्हणते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. गेल्या पावसाळ्यात जुना गणवेश उसवून त्याचा कोट करून द्या म्हणून दुकानात आले. मी म्हटलं, एवढ्या जाड कापडावर माझ्या मशिनच्या सुया मोडतील. दुसऱ्या दिवशी सुयांचं अख्खं पाकीट घेऊन हजर! कोट कधीच झाला. तरी रोज येतात, कधी काजं नीट नाहीत म्हणून, कधी बटण सैल आहे म्हणून. शेवटी मीच विचारलं, की बटणाचं सोडा, तुमच्या मनात काय आहे ते सांगा. तेव्हा एवढा आगीत शिरणारा माणूस कानापर्यंत लाल झाला.

माणूस तुझ्या पुस्तकमंडळाला पसंत पडणारा नाही, हे आत्ताच सांगते. घर सामानाने ठासून भरलंय. दोन कपाटं, भिंतभर चित्रं, तीन रेडिओ, त्यातला एकच चालतो. हसले की शेजारचं कुत्रं भुंकतं. पण प्रार्थनेला बसले की लहान मुलासारखं मनापासून मागतात, आणि माझ्या ह्यांचा फोटो कुठे लावायचा हे त्यांनी माझ्याआधी ठरवून ठेवलंय. सगळ्यांत चांगल्या उजेडाच्या भिंतीवर.

आता तुझं काम. माझं नाव अजून तुझ्याच चर्चच्या मंडळीच्या नोंदीत आहे, तेव्हा लग्नाची सूचना इथल्या चर्चमध्ये तशी तिथेही तीन रविवार वाचायला हवी, कुणाची हरकत असेल ती निघू दे. तिथे आधी बाबा पाळक होते, आता तूच. तू वाचलीस की मला बाबांनी वाचल्यासारखं होईल. पहिला रविवार कोणता ते लगेच कळव.

वहिनीला सांग, तिचा झगा मीच शिवणार, मापात खोटं बोलू नये म्हणावं.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायचा तर लग्नाला येऊन वाढव.

तुझी,
सुई

---

ता. १६ फेब्रुवारी

चि. सुईस,
अ. उ. आ. व प्रभूच्या नावाने सलाम.

पत्र वाचून आधी आनंदच झाला, हे तू मानणार नाहीस, पण झाला. तुझी वहिनी तर स्वयंपाकघरातच रडायला लागली आणि वर मलाच ओरडली, की असे पुतळ्यासारखे काय उभे राहिलात.

तरीही मला लिहायलाच हवं. «एक खुर्ची, एक कप» ह्या पुस्तकाने काय केलंय, याची तुला तिकडे कल्पना नाही. भाऊजी गेल्यावर तू मला जी पत्रं लिहिलीस, ती मी निवडून पुस्तकमंडळातर्फे छापली तेव्हा मलाही नव्हती. आज प्रत्येक मंडळीत ते वाचतात. इथली गोष्ट सांगतो. महिला मंडळाने एका बैठकीत ठरवलं, की आपणही घरात एकच खुर्ची ठेवायची. बाकीच्या सगळ्या खुर्च्या देऊन टाकल्या. पुढच्या प्रार्थनेला ज्या घरी जमायचं तिथे बसणार कशावर? आता प्रत्येक बाई आपापली खुर्ची डोक्यावर घेऊन प्रार्थनेला जाते. हस, मीही हसलो. पण जीव द्यायला जाऊन नदीच्या पुलावरून परत फिरलेली एक विधवा मला भेटली आहे, ती हे पुस्तक उशाशी ठेवून झोपते. तिला मी काय सांगू?

नवी आवृत्ती बांधून तयार आहे. मुखपृष्ठावर लेखिका म्हणून छापलंय ‘एक विधवा भगिनी’, पण नाव नसलं तरी ती तूच हे आज ना उद्या कळणारच. पुस्तकमंडळाचे कार्यवाह म्हणतात, मे महिन्यातल्या मोठ्या मेळाव्यात पुस्तक निघायचं आणि त्याआधी लेखिकेच्या लग्नाची सूचना त्याच मंडळीत वाचायची, म्हणजे लोकांच्या विश्वासाची थट्टा आहे. त्यांचं म्हणणं, लग्न वर्षभर पुढे ढकलावं. ते जमत नसेल तर सरकारी कचेरीत सही करून गुपचूप उरकावं. मला दुसरा मार्ग बरा वाटतो. देवाला कुठेही लग्न दिसतंच की. मी घरी येऊन तुम्हा दोघांसाठी प्रार्थना करीन, वहिनीही येईल.

तू लहानपणापासून हट्टी, पण समजूतदारही आहेस. एवढं माझ्यासाठी कर.

राग आला तरी कळव, पण अबोला धरू नकोस.

तुझा,
दादा

---

ता. २२ फेब्रुवारी

ती. दादास,
सलाम, वि. वि.

अबोला धरणार नाही, काळजी नको. उलट आज बोलणारच आहे.

गुपचूप? मी काय चोरी केलीय? कुणाचा नवरा पळवलाय? बाबांच्या चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला, तिथेच पहिलं लग्न झालं, आणि दुसरं लग्न पोस्टात पाकीट टाकावं तसं कचेरीत टाकून येऊ? सांग तुझ्या कार्यवाहांना, माझी मान खाली जावी असं मी काहीही केलेलं नाही.

आणि पुस्तकाचं म्हणत असशील तर ऐक. एक खुर्ची मला पुरते, हे वाक्य तू जाड अक्षरात छापलंस. माझं वाक्य तिथे संपत नव्हतं, दादा. पुढे मी लिहिलं होतं, की पण संध्याकाळी समोर कुणी बसलेलं असावं असं फार वाटतं. ते तू कापलंस. मी तेव्हाच विचारलं होतं, तर म्हणालास की त्याने शिकवण सैल पडते. मी गप्प बसले, कारण तेव्हा भांडायचं बळ नव्हतं. आता आहे!

मी थोडक्यात राहिले, कारण थोडकंच होतं. खुर्च्या मी देवासाठी दिल्या नाहीत, ह्यांच्या आजारपणात विकल्या. उरलेल्या एका खुर्चीवर बसून मी देवाशी भांडले, रडले, मग हळूहळू त्याचे आभारही मानायला शिकले. हे सगळं खरं आहे आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण त्याचं तुम्ही व्रत केलंत. साधं राहणं म्हणजे मिळालेल्याला पुरे म्हणणं. देणारा आणखी देत असताना हात मागे लपवणं नव्हे. त्याला मी तरी उर्मटपणा म्हणेन.

पुलावरून परत फिरलेल्या त्या बाईला काय सांगायचं, विचारतोस. तिला सांग, की ती विधवा भगिनी खोटं बोलत नव्हती, तिने एकटीने दिवस काढले आणि त्या दिवसांत देव तिच्याजवळ होता. आणि हेही सांग, की ती आता लग्न करतेय आणि देव आजही तिच्याजवळच आहे. ती बाई पुस्तकमंडळापेक्षा शहाणी असेल, पैज लाव. बायबलातल्या पहिल्याच माणसाला बागेत एकटं पाहून देवाला ते बरं वाटलं नाही, आणि कार्यवाहांना वाटतं!

मी थांबणार नाही. इथलं वाचन येत्या रविवारी होतंय. तिथलं तू करणार की नाही, एवढंच सांग. नाही म्हणालास तर मी तुझ्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांना लिहून दुसरा पाळक मागेन, लग्न काही अडणार नाही. पण दादा, बाबा गेल्यावर माझा हात धरून मला पहिल्या लग्नात वेदीपर्यंत नेणारा तूच होतास. तूच नाही म्हणालास तर मला आयुष्यभर लागून राहील. हे धमकी म्हणून लिहीत नाही. लागेल म्हणून लिहितेय.

तुझीच, टोचली तरी तुझीच,
सुई

---

ता. ४ मार्च

चि. सुईस,
सप्रेम सलाम व पोटभर आशीर्वाद.

तुझे दादा लिहायला बसले की कागद मागे सरकवतात, म्हणून आज मीच लिहितेय. वहिनीचं अक्षर कोंबडीचे पाय असलं तरी गोड मानून घे.

तुझं पत्र आल्यापासून ह्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. एकदा मी विचारलं, की तुमच्याआधी मी गेले तर तुम्ही काय एका खुर्चीवर बसून राहणार का? म्हणाले, असलं बोलू नकोस. मी म्हटलं, मग बहिणीला तेच का सांगताय? हे उठले. बागेत जाऊन कोरड्या कुंड्यांना पाणी घालत बसले, त्यात काही लावलेलंही नव्हतं.

रविवारी उपासनेनंतर सूचनांचा कागद उघडला. आधी शाळेची सूचना वाचली, मग छप्पर दुरुस्तीची. मला वाटलं, संपलं, हा माणूस बसणार खाली. मी तर उठून बाहेर जायच्या तयारीत होते, खरंच सांगते. तेवढ्यात तुझं नाव घेतलं, पण इतक्या बारीक आवाजात, की मागच्या बाकांवरून ऐकू येत नाही असा गलका झाला. हे थांबले. चष्मा काढून पुसला. आणि मग असे वाचायला लागले, की बाहेर सायकली लावणारेही आत डोकावले. नाव, वय, विधवा, शिवणकाम, सगळं. वर कागदात नसलेलंही जोडलं, की ही माझी सख्खी बहीण आहे आणि «एक खुर्ची, एक कप» हिनेच लिहिलंय.

कुणाची हरकत असेल तर सांगावी म्हणाले, तर कार्यवाह उभे! ह्यांनी शांतपणे विचारलं, की दोघांपैकी कुणाचा जोडीदार हयात आहे का, दोघं जवळच्या नात्यातले आहेत का, कुणी बळजबरी केलीय का. कार्यवाह म्हणाले, तसं काही नाही, पण पुस्तकाचं काय होणार? हे म्हणाले, की पुस्तकाला नवरा करायचा नाही, माझ्या बहिणीला करायचाय. अगं, सगळं चर्च हसलं! महिला मंडळाच्या अध्यक्षीण बाई उठून म्हणाल्या, की आम्ही सगळ्या लग्नाला जाणार, बसायची चिंता करू नये म्हणावं, खुर्च्या आम्ही आमच्या आणतो.

घरी आल्यावर हे खोलीत जाऊन रडले. मी दार लावून घेतलं, रडू दिलं.

झग्याचं माप सोबत पाठवतेय. कमरेचं खरं आहे, मानायचं तर मान.

तुझ्यावर जीव आहे, तो लिहून दाखवायला नको.

तुझी,
वहिनी

---

ता. ७ मार्च

चि. सुईस,
अ. उ. आ. व सलाम.

वहिनीने सगळं कळवलंच असेल, रडलेलंसुद्धा. तिच्या पोटात काही राहत नाही.

आता माझ्याकडून ऐक. काल पुस्तकमंडळाची सभा झाली. संपादक म्हणून माझं नाव काढलं. नवी आवृत्ती त्यांनी गोदामात ठेवली आहे, मेळाव्यात निघणार नाही. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, त्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. पण सभेतून बाहेर आलो तेव्हा कडेला एक बाई उभी होती. पुलावरून परत फिरलेली तीच. तिने विचारलं, की रविवारी वाचलंत ते खरं आहे का. मी हो म्हटलं. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. पैज तू जिंकलीस.

तुझं वाक्य मी कापलं तेव्हा तू दुःखात होतीस आणि मी शिकवणीच्या मागे होतो. यापुढे तू लिहिशील ते मी वाचीन, पण हातात कात्री घेणार नाही. बंबवाल्यांना माझा सलाम सांग. वेदीपर्यंत तुझा हात मीच धरणार, आणि लग्नही मीच लावणार. दोन्ही कसं जमवायचं ते पाहू, तिथपर्यंत पोचून घाईने पलीकडे जाऊन उभा राहीन.

आज सकाळी कार्यवाह घरी आले होते. चहा घेतला नाही. म्हणाले, मंडळीत आणखी बोभाटा नको, पुढचं वाचन शेजारच्या पाळकांकडून करून घेऊ, तुम्ही त्या रविवारी रजा घ्या. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं आणि सांगितलं, की बहीण माझी आहे, सूचना मीच वाचणार.

आशीर्वाद आहेतच, ते रजेवर जात नाहीत.

तुझा,
दादा