खिडकीतलं जगावेगळं ऊन

ती. दादास,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे हे विचारत नाही; मागच्या पत्रात दोन पानं तोच होता. वहिनीला क्रोशाचा रुमाल मिळाला असेल. तिच्यासाठी मुद्दाम विणला (डोळे दुखत असताना, हे तिला सांगायला हरकत नाही). माझी प्रकृती उत्तम आहे. फक्त रक्तदाब वाढलाय, आणि त्याचं कारण तुझे चिरंजीव.

आमच्या इमारतीची वीज वाचवायची असं कमिटीने ठरवलं आणि सल्लागार म्हणून नेमला माझाच भाचा. (शिफारस मी केली होती, याची आठवण मला कोणी करून देऊ नये.) त्याने माझ्या बसायच्या खोलीतल्या खिडकीत दोन यंत्रं ठेवली. "आत्याकडे वस्तू सुरक्षित राहते," म्हणाला. एक काळं, वर काचेचा घुमट असलेलं. ते उन्हातली सगळी ऊर्जा मोजतं. दुसरं पांढरं, कोटाच्या बटणाएवढं. ते डोळ्यांना दिसतो तेवढाच उजेड मोजतं. पांढऱ्याच्या आकड्याला काळ्याच्या आकड्याने भागलं, की एक वॉट उन्हातून किती उजेड मिळतो ते कळतं. उजेड भरपूर आणि ताप कमी असेल तर खिडकी गुणी. दिवेही नकोत, एसीही कमी. आकडे आपोआप त्याच्या ऑफिसात जायचे, त्यामुळे स्वारी चाळीस दिवस आत्याकडे फिरकली नाही.

आणि मग निकाल लागला. एका वॉटला शंभराच्या वर लुमेन यायला हवेत (लुमेन म्हणजे उजेडाचं माप, मीही आत्ताच शिकले). माझ्या खिडकीत आले साठ! ढगाळ दिवशी उलट जास्त येतात म्हणे, म्हणजे आभाळसुद्धा काटकसर जाणतं. माझीच खिडकी तेवढी उधळी. दर रविवारी मात्र यंत्र बिघडायचं आणि चांगला लख्ख उजेड दाखवायचं. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी तो चमत्कार म्हणून नोंदवला असता. तुझ्या मुलाने वगळला.

"आत्या, तुझ्या बाजूचं ऊन जगावेगळं आहे. ताप सगळा, उजेड निम्मा." (हे वर्णन मी तीस वर्षं आमच्या मुख्याध्यापकांचं करत आले, पण त्यांना कोणी विटा लावून अर्धं केलं नाही.) त्या साठावर त्याने कॉम्प्युटरमध्ये अख्खी इमारत उभी केली आणि ठरवलं, की आमच्या बाजूच्या सगळ्या खिडक्या निम्म्या बुजवायच्या. सेक्रेटरी खूश आहेत. त्यांचं घर दुसऱ्या बाजूला आहे.

दादा, मोतीबिंदू काढल्यापासून माझा दिवस त्या खिडकीत उगवतो आणि तिथेच मावळतो. वाचन तिथे, विणकाम तिथे. समोरच्या दंतवैद्याकडे किती जण हसत चढतात आणि गाल धरून उतरतात, याच्यावर लक्ष दुसरं कोण ठेवणार? मी त्याला म्हटलं, "अरे, इथे बसून मी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते." तर म्हणतो, "आत्या, सुई हा पुरावा नाही." मी म्हटलं, "मग शाळेत तुझ्या शर्टाला बटणं काय पुराव्याने लावत होते?"

कॉन्व्हेंटात सिस्टरांनी दोन गोष्टी माझ्या अंगात मुरवल्या: खरं बोलायचं, आणि घरातली कुठलीही वस्तू उघडी ठेवायची नाही. (माझ्याकडे फोन, रेडिओ, पाण्याचा जग, सगळ्यावर क्रोशा आहे. धुळीची बिशाद नाही.) तेव्हा खरं तेच सांगते: तुझा मुलगा साफ चुकलाय. पंधरा तारखेला कमिटीची सभा आहे. त्याआधी बाप या नात्याने त्याचा कान धर. गुडघा दुखत असला तरी हात चालतात ना?

तुझी, अजून तरी उजेडात बसलेली,
धाकटी बहीण

ता.क. पाकिटाला डिंक लावणार तोच त्याचा फोन आला. पांढऱ्या यंत्राच्या कडेला सुताचा धागा सापडला म्हणे.
"आत्या, यावर काही ठेवत होतीस?"
"ठेवत नव्हते. झाकत होते. काळ्यावर काचेचा घुमट होताच, पांढरं उघडं होतं."
"आणि काढायचीस कधी?"
"रविवारी. धुवायला."
तो फोनवरच रविवार मोजायला लागला. असो. मी पहिल्यापासून सांगत होते, की आकडा चुकलाय. तो चुकलाच होता.

ता.क. २. चाळीस दिवस वाया जाणार नाहीत म्हणतो. रविवार पाचच, तेवढ्यावर कमिटी ऐकणार नाही. पण रुमालातून किती उजेड गाळून येतो ते मोजलं, की बाकीचे आकडे दुरुस्त करता येतील आणि खिडकी वाचेल. मात्र रुमाल तोच हवा, प्रत्येकाची वीण वेगळी.
दादा, तो वहिनीकडे आहे. यंत्रं गेल्यावर रिकामा पडला होता. पंधरा तारखेच्या आत कुरियरने पाठव, आणि कृपा करून धुऊ नका. आटला तर माझी खिडकीही आटेल. वहिनीला काय सांगायचं ते तू बघ. खरं बोलायचं सिस्टरांनी मला शिकवलं होतं, तुला नाही.