घड्याळाची विचारपूस

सातारा,
१४ जून १९९९

चि. आम्रपाली हिस आबांचा जयभीम आणि आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. महेंद्रराव कामावर गेले असतील.

काल पुण्याच्या घड्याळाच्या दुकानाकडून एक टायवाले गृहस्थ आले होते. तुझ्या लग्नात महेंद्ररावांनी कंपनीचं नाव सांगून मागितलेलं ते विलायती घड्याळ आठवतं ना? विकत घेताना दुकानाने माझी सही घेतली होती, की हे घड्याळ पुढे विकणार नाही. मला हसूच आलं होतं. जावयाला घातलेलं घड्याळ कोण विकतं?

तर ते मुंबईत एका दलालाकडे सापडलं. आतल्या नंबरावरून कंपनीने माझं नाव शोधून काढलं. "कुणी विकलं ते सांगा, नाहीतर तुम्हाला यापुढे आमचं घड्याळ मिळणार नाही," गृहस्थ म्हणाले.

"मीच विकलं," मी म्हणालो.

ते जाताच तुझी आई कडाडली, "आवं, खोटं कशापायी बोललासा? जावयाचं नाव घ्यायला काय झालं?"

नाव घेतलं असतं तर ते गृहस्थ सरळ सांगलीला तुमच्या दारात उभे राहिले असते. ते गेल्यावर महेंद्ररावांचा राग कुणावर निघाला असता? मे महिन्यात तू आलीस तेव्हा एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घातला होतास. विचारलं तर म्हणालीस, फॅशन आहे. घड्याळाचं विचारलं तर म्हणालीस, दुरुस्तीला टाकलंय.

हे मी आईला बोलून दाखवलं, तशी तिने खुंटीवरची पिशवी काढली. ती बोलायचं सोडून कामाला लागली की माझं काही खरं नसतं, तुला ठाऊक आहे. मग म्हणाली, "उद्याच्या एस्टीनं मी जाती सांगलीला."

पोरी, कंपनीवाले विकलेल्या घड्याळाची विचारपूस करत साताऱ्यापर्यंत आले. आणि मी लग्न करून दिलेल्या लेकीला एकदा जवळ बसवून नीट विचारलंसुद्धा नाही. फार लाज वाटली गं.

म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता आईच्याच हाती देतोय. तू वाचत असशील तेव्हा ती समोर बसलेली असेल. तिला काही समजावत बसू नकोस. असल्या गुडघ्यांनी जाताना ती कशीबशी एस्टीत चढेल, येताना एकटीला जमायचं नाही.

तिला हात धरून तूच घेऊन ये.

दोघींची वाट पाहत स्टँडवर उभा असलेला,
तुझा आबा