ताटली नंबर सात

पेण,
मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिला खरा, पण उजवा गुडघा अजून वाकत नाही, तेवढं समजून घे.) भावोजींची धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट बदलली का? सुरभीचा खोकला कसा आहे? आम्ही इथे खुशाल आहोत, फक्त तुझा फोन येऊन एकवीस दिवस झाले. मी मोजत नाही, कॅलेंडर समोरच आहे.

कारण मला ठाऊक आहे. महिला मंडळाच्या ग्रुपवर पापड स्पर्धेचा निकाल आला, त्याखाली तू एकच शब्द टाकलास: बायस्ड. पुढे ना हसरं तोंड, ना टिंब. माझं इंग्रजी तुला माहीतच आहे. मी आधी तो कौतुकाचा समजून नमस्काराचे हात पाठवले. मग ह्यांना विचारलं. हे म्हणाले, बायस्ड म्हणजे आपल्या माणसाकडे झुकणारा. वर मलाच म्हणतात, "उदाहरणार्थ तू, लेकाला सुरमईची मधली तुकडी आणि मला शेपटी." ऐकून मला हायसं वाटलं, कारण मी आपल्या माणसाकडे झुकले नव्हते. उलटच केलं होतं. ते उलट काय, हे सांगायला पत्र लिहितेय, कारण फोनवर मला रडू येतं आणि तुला राग.

त्या दिवशी परीक्षक म्हणून माझ्यासमोर तेवीस ताटल्या होत्या. नावं नाहीत, नुसते नंबर. सात नंबरचा पापड हातात घेतला आणि ओळखला. डाव्या अंगाला जाड, उजव्या अंगाला पातळ. आईचा तसाच असायचा, लाटताना सगळा भार उजव्या हातावर. चव घेतली, सगळ्यांत सरस. आणि मी घाबरले. रोह्याची नूतन माझी बहीण हे मंडळात सगळ्यांना माहीत. पहिला नंबर दिला तर बायका काय म्हणतील? म्हणून दहापैकी सहा दिले. शेऱ्यात लिहिलं, जाडी असमान. (आईच्या हातच्या पापडाला, ताई. मी.) न्यायाने वागल्याच्या आनंदात चौदा नंबरला नऊ देऊन टाकले, तर चिठ्ठी उघडल्यावर तो निघाला शीतलचा, माझ्या सख्ख्या जावेचा. मंडळाच्या मालूमावशी माइकजवळच म्हणाल्या, "बहीण नाय दिसली गो, जाव बरी दिसली."

आता मला कळेना, तुला काय म्हणायचं होतं? मी शीतलकडे झुकले, की तुझ्या विरुद्ध गेले? गल्लीत इंग्रजीचे क्लास घेणाऱ्या जितेशला गाठलं. तो म्हणाला, शब्द एकच, बाजूने झुकलं तरी तोच आणि विरुद्ध झुकलं तरी तोच. कुठल्या बाजूला ते पुढे लिहायचं असतं. तू लिहिलं नाहीस. मग मी विचारलं, झुकू नये म्हणून जी बाई मुद्दाम दुसरीकडे कलते, तिला काय म्हणतात? त्यालाही हाच, म्हणाला. एवढ्या मोठ्या भाषेत दुसरा शब्द नसावा? पण भाकऱ्या थापताना तेच डोक्यात फिरतं. पाहुण्यांना आधी, घरच्यांना उरलेलं, ही खोड आपल्याला आईनेच लावली ना? परक्यांसमोर सरळ दिसायचं आणि त्यासाठी आपल्याच माणसाचं कापायचं. तू रागावणार नाहीस एवढं गृहीत धरून.

भावोजींना नमस्कार, सुरभीला आशीर्वाद. राग असेल तर रागानेच, पण उत्तर दे.

तुझी,
नमू

ता. क. : सात नंबरच्या ताटलीतले उरलेले पापड मी पदराखाली झाकून घरी आणले. परीक्षकाला हे चालतं का, ते जितेशला विचारलं नाही.

ता. क. दुसरा : खरं तर यासाठीच पत्र. पुढच्या महिन्यात मंडळाची लोणच्याची स्पर्धा आहे. परीक्षक म्हणून मी तुझं नाव देऊन बसलेय, तुला न विचारता. माझीही बरणी आहे. नंबर गुप्त असतो, पण माझी मेथी नेहमी थोडी करपते, जिभेला लागताच ओळखशील. सहा दे, चार दे. फक्त रोह्याहून सकाळची गाडी धर आणि माझ्यासमोर बसून दे.