तिसरी विचारपूस

शहादा, माघ शुद्ध द्वितीया, संवत १९९३

तीर्थस्वरूप घेवरचंदकाकांच्या चरणी सुभाषचंदचा नमस्कार. जयजिनेंद्र. नंदुरबारच्या थंडीत आपला दमा कसा आहे ते कळवावे. इकडे सर्व क्षेम, असे लिहिण्याची रीत आहे.

वडील गेल्यापासून धाकट्या भावजयीची विचारपूस करणे आपण कर्तव्य मानले, हे आम्ही विसरलेलो नाही. दिवाळीनंतर आई माजघराच्या उंबऱ्यात पडली आणि तिचे मनगट दुखावले (त्या दिवशी आपण इथेच होतात, कापसाच्या कामासाठी). मनगटाची विचारपूस करायला आपण तापी ओलांडून आलात. त्या दिवशी तिचा गुडघा फुटला. गुडघ्यासाठी आलात, तेव्हा कपाळाला चार टाके पडले.

मग डॉक्टरांना घरी बोलावले. त्यांनी आईची नाडी निजवून पाहिली, उभी करून पाहिली, डोळ्यांपुढे बोटे धरली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि झटकन उठले की तोल जातो. किती वेळा पडलात, असे त्यांनी विचारले. एकदाही नाही, आई म्हणाली, बसले. (टाके घालतानाही तिने हेच सांगितले होते.) तेव्हा ते माझ्याकडे वळले. पडण्याआधी या काय करत होत्या? मी सतरंजी उचलली होती, उंबऱ्याशी आधाराला दोर बांधला होता. हे मात्र पाहिले नव्हते. उत्तर आपल्या इथल्या म्हाताऱ्या हमालाने, धुडकूने दिले (तिन्ही वेळा तिला त्यानेच उचलले). "शेठ उनात का मायबाई पडस. त्यामा डागदरले काय इचारतस?"

ते खरे आहे; आपण आलात की आई पडते. ओट्यावर आपला खोकला ऐकू येतो. आई डाळ पाखडायचे सूप बाजूला सारते, झटकन उठते, ओढणी तोंडावरून छातीपर्यंत ओढते आणि आत वळते. उंबऱ्यावर पाय पडू नये म्हणून पाय उंच उचलते, आणि ओढणीतून उंबरा दिसत नाही. जेठाला, म्हणजे थोरल्या दिराला, तोंड दाखवायचे नाही, हे तिने एकावन्न वर्षे पाळले आहे. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी खुबा मोडेल, आणि या वयात खुबा मोडलेले माणूस सहसा अंथरुणातून उठत नाही.

अष्टमीला आपण कपाळाची विचारपूस करायला येत आहात, असे कार्ड पोहोचले.

आपला आज्ञाधारक,
सुभाषचंद

ता. क. – येऊ नये. हे वर लिहायचे होते; धीर झाला नाही.

आणखी – पत्र आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, त्यांना लिही, या. मी जागची उठणार नाही, ओढणीही ओढणार नाही. मोतीबिंदूमुळे जेठजी मला दिसणार नाहीत, तेव्हा माझ्या बाजूने मर्यादा राहील. त्यांनी त्यांच्या बाजूने चष्मा ओट्यावर काढून यावे.

उंबऱ्याशी दोर आहे. धरावा.