दवंडीच्या दिवशी आलेला पावणा

मंगळवार पेठ, गुरुवार, १९५२

घागर गेली! वाईट वाटतंय आणि हसूही आवरत नाही. दुपारी दवंडी आली, "भुरटे चोर फिरत्यात, दारं लावून घ्या हो!" ती ऐकायला अख्खी गल्ली बाहेर पळाली, दारं सताड उघडी टाकून. मीसुद्धा! परतले तर स्वयंपाकघरात अनोळखी माणूस, हातात आईनं दिलेली तांब्याची घागर. मला वाटलं, ह्यांच्या गावचा कुणी पावणा, तहानलाय. बसवलं, चहा दिला. चहा पितानाही घागर मांडीवरच! तेव्हाच कसं कळलं नाही मला? उठताना म्हणाला, "वैनी, घागर रिकामी हाय, नळावरनं भरून आणतो की. तवर दार लावून घ्या, चोर फिरत्यात." केवढं कौतुक वाटलं मला त्याचं! आतून कडीसुद्धा घातली मी.